कृ. मा. पाटलांची सही

हसू नका आधीच. चहा येऊ द्या, मग हसा. नाहीतर कपातला चहा फरशीवर सांडेल, आणि ही फरशी इतकी गुळगुळीत आहे की पुसायला वाकलेला माणूस थेट गेटपर्यंत जातो. जपून बसा. या फरशीचीच गोष्ट आहे, आणि त्यात शहाणपणाचं माझ्याकडून एकही काम झालेलं नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो. लोक चुकून भाजीत मीठ दोनदा टाकतात, चुकून दुसऱ्याची चप्पल घालून घरी येतात. मी चुकून एक अख्खं घर घालवलं. राहत होतो त्याच घरात, आणि घालवलं!

मी विलास गायकवाड. अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात होतो. तपासणी, बरं का! तयार माल डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि चूक शोधायची. आमची निर्मला प्राथमिक शाळेत शिक्षिका. म्हणजे दोघंही दुसऱ्यांच्या चुका काढून रिटायर झालेली माणसं.

माझं बालपण अंबरनाथच्या बुवापाड्यात गेलं. एक खोली, आठ माणसं, आणि पत्ता म्हणजे 'अमक्याची चाळ, तमक्याच्या मागे'. स्वतःच्या नावाचा पत्ता आमच्या वडिलांना कधी मिळालाच नाही. पुढे निर्मलाने आणि मी मिळून उल्हासनगरात वन रूम किचन घेतलं. बरेच दिवस सुखात गेले. मग एका सकाळी निर्मला वरणाला फोडणी देत होती आणि स्लॅबचा चांगला पोळीएवढा तुकडा ओट्यावर येऊन पडला. कढईच्या दोन बोटं अलीकडे.

निर्मला वर बघून म्हणाली, "अहो, वरची मंडळी खाली यायला लागली!"

त्या वर्षी आमची बिल्डिंग लिस्टमध्ये आली.

तुम्ही लांबून आलेले असाल तर विचाराल, कसली लिस्ट? आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असं कुणी विचारत नाही. लिस्ट एकच. धोकादायक इमारतींची. पावसाळ्याच्या तोंडावर निघते. दहावीचा निकाल बघायला जावं तशी माणसं ती बघायला जातात. फरक इतकाच की इथे नाव नसलं तर पेढे.

आमचं नाव होतं. दोन दिवसांत घर रिकामं केलं आणि शहाडला भाड्याने गेलो. तीन वर्षांत तीन घरं बदलली. दर वेळी निर्मला भांडी बांधायची, दर वेळी एक तरी कपबशी फुटायची, आणि दर वेळी ती काही बोलायची नाही. ती बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही. बोलत नाही तेव्हा वाटते.

रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता घर घ्यायचं ते शेवटचं. एजंटने आधी बदलापूरच्या मांजर्लीत तळमजला दाखवला. भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीवर सरळ तपकिरी पट्टा होता.

"डिझाइन छान आहे," मी म्हटलं.

"डिझाइन नाय काका. तिथपर्यंत पाणी येतं."

मग बदलापूर गावात हे घर दाखवलं. म्हणजे हे नाही. हे तिथेच आहे, पण ते हे नव्हे. कळेल पुढे.

ते घर कुण्या लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. शंभरेक वर्षं झाली असतील. वारसदार मुंबईला, त्यांना विकून मोकळं व्हायचं होतं. कौलारू छप्पर. ओटीवर चार सागवानी खांब, प्रत्येकावर कोरलेली कमळं. खिडक्यांच्या वरच्या भागात लाल, हिरव्या, पिवळ्या काचा. सकाळी त्यांचा उजेड जमिनीवर पडला की सरबताचे ग्लास मांडल्यासारखे दिसायचे. माडीवर जायला लाकडी जिना. आणि पुढच्या खोलीच्या भिंतीत लाकडी चौकटीचा एक कोनाडा.

आमची बुद्धमूर्ती तीन वर्षं फ्रिजवर बसून होती. निर्मलाने कोनाडा वितीने मोजला आणि म्हणाली, "बरोबर बसेल." बस, एवढंच. पण ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात ती आमच्या लग्नालाही हो म्हणाली नव्हती.

आणि मी? मी वर बघितलं. वासे, रिपा, कौलं. स्लॅबच नाही! जी वस्तू मुळातच नाही ती डोक्यात पडणार कशी? तिने कोनाड्यासाठी घर घेतलं, मी स्लॅब नाही म्हणून घेतलं. संसार असाच चालतो.

चार महिने मजेत गेले. मग नाशिकला आमच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि निर्मला दोन महिन्यांसाठी तिकडे निघाली. रिक्षात बसता बसता तिने बजावलं, "खांबांना तेवढं तेल लावून घ्या. बाकी कशाला हात लावू नका."

"कशालाच नाही," मी म्हटलं.

आठ दिवसांनी पत्र आलं.

सरकारी कचेरीचं पत्र. गेटपाशी उभ्या उभ्याच फोडलं. 'विषय : जुन्या वास्तूंच्या यादीत समावेश करणेबाबत.' तसाच ओटीवर बसलो. पुढे मजकूर होता, 'कळविण्यात येते की, आपल्या राहत्या वास्तूचा सदर यादीत समावेश करणेबाबत अर्ज प्राप्त झाला असून, त्या अनुषंगाने पथक पुढील महिन्याच्या पंधरा तारखेस प्रत्यक्ष पाहणी करील.' आणि खाली कोपऱ्यात सही करावी तशी तीन अक्षरं. कृ. मा. प.

पुन्हा लिस्ट! मी पळून पळून स्लॅब नसलेल्या घरात आलो, तर लिस्ट माझा पत्ता काढत तिथेही आली!

आता तपासणी खात्यातला माणूस मी. पत्राची तपासणी केली. प्रश्न पहिला, हा कृ. मा. प. कोण? कृष्णा मारुती पवार असू शकतो. पण आमच्याकडे साहेब म्हटला की तो पाटील असण्याची शक्यता जास्त. म्हणून कृष्णाजी माधव पाटील असं मी ठरवूनच टाकलं. पत्राच्या मागे बारीक अक्षरांत आणखी काहीतरी छापलं होतं. ते काय, असतंच हो. लॉन्ड्रीच्या पावतीमागेसुद्धा असतं. वाचतो का कुणी?

प्रश्न दुसरा, अर्ज कुणी केला? याला दोन मिनिटंही लागली नाहीत. शेजारचे भोईरकाका! आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ते मला म्हणाले होते, "गायकवार, ही बाजूची चार फूट जागा मोकली केलीस तर माझी गारी आत जाईल." मी नाही म्हटलं होतं. गोड माणूस, दर रविवारी बोंबलाचं कालवण पाठवणारा, आणि आतून हा डाव!

कारखान्यात महत्त्वाचं परिपत्रक आलं की मी ते फलकावर डकवायचो. सवय ती सवय. पत्राला चारी बाजूंनी भरपूर डिंक लावला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाकलं. रोज शर्ट काढताना पंधरा तारीख डोळ्यांसमोर राहावी म्हणून.

निर्मलाला सांगायचं का? तिने परत भांडी बांधायची? नाही. ठरवलं, तिला कळायच्या आत मी हे निस्तरणार.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. शिपायाला विचारलं, "कृ. मा. पाटील साहेब आहेत का?"

"पाटील साहेब साइटवर."

तीन वेळा गेलो. एकदा साइटवर, एकदा मीटिंगला, एकदा जेवायला. एवढा कामाचा माणूस! माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. तिसऱ्या खेपेला शिपायाला माझी दया आली.

"काम काय आहे, काका?"

"घर लिस्टमध्ये घेतायत. पाहणी आहे."

"किती जुनं आहे?"

"शंभर वर्षं."

"अरे बाप रे," तो म्हणाला. "मग घेणारच!"

संपलं. याहून वेगळा पुरावा काय पाहिजे? मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या निर्णय घेतला. घर जुनं आहे म्हणून लिस्टमध्ये चाललंय ना? मग घरात जुनं काही ठेवायचंच नाही! पाटील साहेब येऊन शोधू देत.

अंबरनाथहून गुप्ता कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्याने घराला एक फेरी मारली आणि खांबावर टकटक केलं.

"काका, क्या क्या निकालना है?"

"सगळं."

"सब?"

"पंधरा तारखेच्या आत."

गुप्ताच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसणार. "काका, ऐसा चमका देंगे," तो म्हणाला, "आप खुद नहीं पहचानोगे!" या माणसाने मला दिलेला प्रत्येक शब्द खरा केला, हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

लाकूडसामान घ्यायला उल्हासनगरचे लछूशेठ टेम्पो घेऊन आले. फर्निचरच्या धंद्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी खांबावरच्या कमळावरून हात फिरवला, खिडकीच्या काचेतून आकाशाकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"साईं, एक बार और सोच लो. असली सागवान है. ऐसा काम करनेवाला आज एक आदमी नहीं बचा."

घेणारा व्यापारी मालाची तारीफ करतोय! असं कधी पाहिलंय तुम्ही? मला तर संशयच आला. "शेठ, घ्यायचं तर घ्या," मी म्हटलं, "नाहीतर मी भंगारात देतो."

लछूशेठनी दोन्ही कानांना हात लावले आणि माल टेम्पोत चढवायला सांगितलं. प्रत्येक खांबाला गोधडी गुंडाळून नेलं. मला हसू आलं. काय हा लाकडाचा लाड!

मग सुरू झाली धूळ. कौलं उतरली, निळे पत्रे चढले. खाली पीओपीचं सीलिंग, त्यात बारा दिवे. जिना एका दिवसात गेला, त्याच्या जागी लोखंडी गोल जिना आला. चुन्याच्या भिंती खरवडून सिमेंट, सिमेंटवर पुट्टी, पुट्टीवर चकाकणारं टेक्स्चर. खिडक्या अॅल्युमिनियमच्या, सरकत्या. खाली ही गुळगुळीत फरशी. समोरच्या भिंतीला संगमरवरासारख्या दिसणाऱ्या टाइल्स. कोनाडा मी स्वतः उभा राहून बुजवून घेतला, कारण गुप्ता म्हणाला, "साहब लोग ऐसा गड्ढा देखेंगे तो समझ जाएँगे, पुराना घर है." त्या जागी काळ्या ग्रॅनाइटची फळी लावली आणि मूर्तीच्या मागे गोल दिवा. रंग बदलणारा.

रोज संध्याकाळी नाशिकहून निर्मलाचा फोन यायचा.

"खांबांना तेल लावलं का?"

"खांबांची आता काही काळजीच नाही," मी म्हणायचो. खोटं बोललो का? सांगा!

"खिडक्यांच्या काचा पुसता ना?"

"एक डाग दाखव."

"आणि... काही पत्रबित्र आलंय का हो?"

मी घाईने म्हणायचो, "छे! कसलं पत्र? आपल्याला कोण लिहिणार?"

"नाही, सहज विचारलं," ती म्हणायची. आता वाटतं, हा 'सहज' तिने तीन वेळा म्हटला तेव्हा तपासणी खात्यातल्या माणसाला काहीतरी कळायला हवं होतं.

भोईरकाका रोज कुंपणापाशी येऊन उभे राहायचे. "अरं, चांगलं घर कशाला तोरतंस?"

"तुम्हाला माहीत नाही वाटतं?" मी असा काही टोमणा मारायचो की समोरच्याची मान खाली जावी. काका आपले डोकं खाजवत परत जायचे. किती बेमालूम नाटक! त्या रविवारी त्यांच्याकडून बोंबलाचं कालवण आलं. झाकणही न उघडता परत पाठवलं. माझ्या आयुष्यात मी एवढा मोठा त्याग दुसरा केलेला नाही.

पंधरा तारीख उजाडली. घर असं चमकत होतं की समोरून जाणारे डोळ्यांवर हात धरत होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभा.

साडेदहाला एक मॅडम आल्या. पंचेचाळिशीच्या, सुती कुर्ता, खांद्यावर कापडी पिशवी. बरोबर कॉलेजच्या दोन मुली, गळ्यात कॅमेरे. मॅडमनी हातातल्या कागदाकडे बघितलं, घराकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"इथे गायकवाडांचं जुनं घर कुठे आहे?"

"हेच!" मी म्हटलं.

"हे?"

"हेच हेच! या ना. पाटील साहेब नाही आले?"

"कोण पाटील?"

"कृ. मा.?"

"आमच्यात कुणी पाटील नाहीत," त्या म्हणाल्या. बदली झाली असणार. बरंच झालं.

मी त्यांना आत नेलं. "मॅडम, बारकाईने बघा. घाई करू नका. जुनी एक वस्तू जरी सापडली तर नाव बदलेन."

"खांब होते ना चार?" मॅडमनी विचारलं.

"होते. गेले!"

"रंगीत काचा?"

"गेल्या!"

"लाकडी जिना?"

"एका दिवसात तोडला! सकाळी सुरू केला, चारला संपला."

"कौलं... चुन्याच्या भिंती..."

"मॅडम, नखाने खरवडून बघा. चुना निघाला तर मला विचारा!"

प्रत्येक उत्तराला मॅडमचा चेहरा उतरत चालला होता. एका मुलीने कॅमेऱ्याचं झाकण गुपचूप परत लावलं. शेवटी मॅडम खुर्चीत बसल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल का?"

मी मनात म्हटलं, हरल्या! विलास गायकवाड, जिंकलास तू!

पाणी आणायला वळलो तोच बाहेर रिक्षाचा आवाज आला आणि पाठोपाठ ओळखीचा आवाज. "पुढे घ्या भाऊ, पुढे. कौलारू घर आहे आमचं."

निर्मला! मी धावत गेटवर आलो तोवर रिक्षा पुढे गेली होती. गल्लीच्या टोकाला जाऊन वळली, परत आली आणि परत आमच्या घरावरून निघून गेली. आतून निर्मला रिक्षावाल्याला सांगत होती, "अहो, इथेच कुठेतरी होतं." तिसऱ्या फेरीला मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो.

ती उतरली. बॅग खाली ठेवली.

"हे कुणाचं घर?"

"आपलं."

"मग आपलं कुठाय?"

मी उत्तर द्यायच्या आत मॅडम बाहेर आल्या. "तुम्हीच निर्मला गायकवाड ना? अर्ज तुमचाच होता?"

"माझाच," निर्मला म्हणाली.

माझ्या कानांत एकदम गुप्ताचं फरशी कापायचं मशीन सुरू झालं. अर्ज निर्मलाचा? "धोकादायकच्या लिस्टसाठी?" मी ओरडलोच. माझी बायको?

"कसला धोकादायक?" मॅडम म्हणाल्या. "काका, आम्ही या भागातल्या जपण्यासारख्या जुन्या घरांची यादी करतोय. वारसा यादी. बाईंनी पाठवलेले फोटो बघून तुमचं घर जवळजवळ पक्कंच होतं. दारावर पाटी लागणार होती, मालकाच्या नावाची. दुरुस्तीला जाणकार कारागीर आम्ही मिळवून देणार होतो. पत्रात सगळं लिहिलं होतं की!"

"पत्रात असं काही नव्हतं!" मी छातीठोकपणे म्हटलं आणि सगळ्यांना कपाटापाशी नेऊन दार उघडलं. "हे बघा. इथे संपतं. खाली सही. कृ. मा. प."

मॅडमनी डोळे मिटले. मग फार हळुवारपणे, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "काका, कृपया मागे पाहा."

आता खरं सांगतो, लाज सोडून सांगतो. मी मागे वळून पाहिलं.

मागे भोईरकाका उभे होते. गडबड ऐकून आले होते.

"मागे म्हणजे कागदाच्या मागे, काका! कृ. मा. प. म्हणजे कृपया मागे पाहा!"

निर्मलाने पाणी गरम केलं, फडकं भिजवून कागदावर धरलं आणि कडेकडेने सोडवायला घेतलं. डिंक मी कारखान्याच्या पद्धतीने लावलेला, कागद तुकड्या-तुकड्यांनी निघाला. बरंचसं दारालाच राहिलं. एक तुकडा मात्र धड आला. त्यावर लिहिलं होतं, 'तोपर्यंत वास्तूच्या मूळ स्वरूपात कोणताही बदल करू नये.'

"तीस वर्षं मुलांना सांगितलं," निर्मला त्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "पेपर उलटून बघा, मागेही प्रश्न असतात. घरातला विद्यार्थी तेवढा राहून गेला."

मग ती पुढच्या खोलीत गेली. ग्रॅनाइटच्या फळीवर मूर्ती लाल झाली, हिरवी झाली, निळी झाली. निर्मलाने भिंतीवर चाचपून बटण शोधलं. बंद केलं. आणि आत जाऊन डबे पुसायला लागली.

मॅडम गेल्या, मुली गेल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"काय सांगायचं? तुम्ही एकदम पाटी बघावी म्हणून नव्हतं सांगितलं." ती डबा पुसतच राहिली. "मागे लिस्टमध्ये नाव लागलं तेव्हा महिनाभर मान खाली घालून चालत होता तुम्ही. दूधवाल्याशीसुद्धा बोलत नव्हता. मला वाटलं, एकदा तरी चांगल्या यादीत नाव यावं. श्री. विलास गायकवाड. दारावर."

तुम्ही म्हणाल, यात हसण्यासारखं काय आहे? मीही तेव्हा हसलो नाही. सिंकपाशी जाऊन उगाच नळ सोडला आणि उगाच तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी आधी भोईरकाकांकडे गेलो. म्हटलं, "काका, मला वाटलं तो अर्ज तुम्ही केला."

काका मांडीवर थाप मारून हसले. "अर्ज? माना लिवाला कुठं येतं, गायकवार! सही करताना पन दोनदा थांबतो मी." आणि आतून बोंबलाचं कालवण मागवलं. मी पाटावर बसून खाल्लं. दोनदा घेतलं.

तिथून निर्मलाला घेऊन लछूशेठचं दुकान गाठलं. शेठनी मला बघितलं आणि न सांगता सगळं ओळखलं. खांब कर्जत रोडच्या एका फार्महाउसला गेले होते. जिना गेला होता. काचांच्या दोन खिडक्या मात्र उरल्या होत्या.

"ले जाओ साईं, आपकी ही हैं," ते म्हणाले, आणि मी दिल्या होत्या त्याच भावात परत दिल्या. वर एक पैसा नाही.

आणि कोनाड्याची चौकट? ती दुकानातच होती. शेठच्या गादीच्या वर, भिंतीला ठोकलेली. आत झुलेलालची तसबीर, समोर ताज्या फुलांचा हार आणि समई. लछूशेठ जरा ओशाळले. "बेचने का मन नहीं हुआ. आप बोलो तो निकाल देता हूँ."

मी निर्मलाकडे बघितलं. तिने चौकटीवर हात ठेवला, वितीने एकदा मोजली आणि म्हणाली, "राहू द्या शेठ. इथे बरोबर बसलीय."

परतीच्या रिक्षात ती पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "खिडक्या लावताना मी समोर उभी राहणार. तुम्ही गेटच्या बाहेर."

तर त्या दोन खिडक्या आता माडीवर आहेत. वर निळा पत्रा, खाली पीओपी, मध्ये त्या काचा. सफारी सूट घातलेल्या माणसाने डोक्याला फेटा बांधावा तसं दिसतं. पण सकाळी उजेड पडतो.

यादीत आमचं घर आलं नाही, हे सांगायलाच नको. पण गेल्या हिवाळ्यात मॅडमचा फोन आला. अंबरनाथला जुन्या घरांच्या मालकांची बैठक होती. लोक ऐकत नाहीत म्हणे. अॅल्युमिनियम लावतात, टाइल्स लावतात. "काका, तुम्ही याल का? नुसतं उभं राहायचंय."

गेलो. पडद्यावर आधी निर्मलाने काढलेला घराचा फोटो आला. चार खांब, कमळं, कौलं. सगळा हॉल 'वा वा' म्हणाला. मग दुसरा फोटो आला, आत्ताचा, त्या मुलींपैकी एकीने आल्या आल्या काढलेला. टाइल्स, निळा पत्रा आणि गेटवर इस्त्रीच्या शर्टात कमरेवर हात ठेवून हसणारा मी. हॉलमध्ये असा काही सुस्कारा निघाला की पुढच्या रांगेतल्या आजींनी पदर तोंडाला लावला.

तेव्हापासून मॅडम मला सगळीकडे नेतात. चार-पाच घरं माझ्या दर्शनाने वाचली आहेत, असं त्या सांगतात. शाल मिळते, नारळ मिळतो. आणि ओळख करून देताना मॅडम माइक हातात घेऊन म्हणतात, "हे गायकवाडकाका. जुनं घर दुरुस्त करताना काय करावं, असा प्रश्न तुम्हाला पडला तर काकांना विचारा त्यांनी काय केलं. आणि तेवढं सोडून काहीही करा."

टाळ्या पडतात हो! आणि सगळ्यांत जोरात वाजवतं कोण? पहिल्या रांगेत बसलेली आमची निर्मला.